उलट्या कळ्यांचे मोदक

११ ऑगस्ट १९८५

गणपतीला अजून महिन्याच्या वर आहे आणि वागळे वहिनींनी आज जिन्यातच अडवलं. "कुंदाताई, यंदाही आमचे मोदक तुमच्याकडेच हं." हे काय सांगायला हवं? पार्ल्यात आमच्या गल्लीत तसे दुसरं कोण करतं? (ह्यांनी हे वाचलं तर म्हणतील, गर्व आहे तुला. आहेच.)

उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आजही झोपलेलं. आधी मुंग्या यायच्या, जायच्या. आता जात नाहीत. दोन्ही बोटं जराशी आत वळल्यासारखी दिसतात. हे रोज म्हणतात डॉक्टरला दाखव. गणपती होऊन जाऊ देत, मग बघू.

२ सप्टेंबर, संकष्टी

आज तालीम. दरवर्षी गणपतीआधीच्या संकष्टीला थोडे मोदक करून बघते, पिठी कशी आहे ते कळतं. वरच्या मजल्यावरची सरोज आली मदतीला. ती सारण करते, मी उकड मळते आणि कळ्या काढते. ही वाटणी लग्न होऊन इथे आल्यापासूनची आहे.

उकड गॅसवरून थेट परातीत काढली आणि हात घातला. एरवी पाण्यात बोटं बुडवून, फुंकर मारत सुरुवात करावी लागते. आज तळहाताची करंगळीकडची कड दाबून सरळ मळत सुटले. काही नाही. गरम लागेचना.

सरोज ओरडली, "अगं ए, भाजशील ना!"

"काही होत नाही. हे बघ."

"तुझा हात आहे का लाकूड?"

म्हटलं, लाकूडच बरं. उकड जितकी गरम मळावी तितकी मऊ. पारी लोण्यासारखी झाली, इतकी पातळ की सारण दिसत होतं. देवाने ऐन मोसमात बोटं बधिर करून दिली, आता माझा हात कोण धरतो बघू.

एकच खोट. कळ्या काढताना चिमूट नीट बसत नाही. अंगठा घसरतो. एका बाजूच्या कळ्या जाड आल्या. सरोजने तेवढे मोदक मागच्या रांगेत सरकवले.

४ सप्टेंबर

रात्री जेवताना मेधाने माझा हात धरून उलटा केला. "आई, हे काय?" करंगळीखाली कडेला हा मोठा फोड, पाण्याने टम्म भरलेला. करंगळीच्या पेरावर दुसरा, तो फुटून सोललेलाही होता. परवाचा असणार. दोन दिवस मी भांडी घासली, कपडे पिळले, केस विंचरले. कळलं नाही.

मेधा म्हणाली, दुखत नाही? दाबून बघितलं. नाही दुखत.

मलम लावलं, पट्टी बांधली. मेधा कॉलेजात जायला लागल्यापासून फार प्रश्न विचारते. तिला गप्प केलं. पण खरं लिहायचं तर, दुखलं असतं तर बरं वाटलं असतं.

९ सप्टेंबर

वागळे वहिनी आल्या, मोदकांचा आकडा पक्का करायला. मी पट्टी बदलत बसले होते. त्यांनी जखम बघितली, आत वळलेली बोटंही बघितली.

"बाई गं. केवढं भाजलंय. दुखत असेल."

आणि माझी ही जीभ. म्हटलं, "अजिबात नाही! टाचणी टोचा हवी तर. काही लागतच नाही मला."

त्या चहाला थांबल्या नाहीत. कपाला हातही लावला नाही. मला तेव्हा वाटलं, घाईत असतील.

१३ सप्टेंबर

मोदक नकोत म्हणायला आधी तळमजल्यावरच्या बाई आल्या, पाहुणे येत नाहीयेत म्हणून. मग समोरच्या बिल्डिंगमधल्या दोघी. मग वागळे वहिनींची सून, "ह्या वर्षी आम्ही पेढेच आणणार." मी आपली बरं बरं म्हणत राहिले. संध्याकाळपर्यंत एक ऑर्डर उरली नाही.

सरोज आली, दार लावून घेतलं. सरोजला आडून बोलता येत नाही, म्हणून तर ती माझी मैत्रीण.

"कुंदा, लोक म्हणतायत तुला महारोग झालाय."

कोण लोक?

"सगळेच. बोटं वाकडी झाली, भाजलं तरी कळत नाही. तू स्वतःच सांगितलंस ना वागळ्यांना."

"आणि तू काय म्हणतेस?"

ती माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "मला दोन रात्री झोप नाही. माझी पोरं तुझ्या हातचं खातात गं. पण मी उद्या तुझ्याबरोबर हॉस्पिटलात येणार आहे. जे असेल ते दोघी ऐकू."

राग आला. इतका की तिला जा म्हणणार होते. पण ती खरं बोलली आणि बसून राहिली. बाकीच्यांनी पेढ्यांचं कारण पुढे केलं.

१४ सप्टेंबर

हॉस्पिटल. सकाळपासून बाकावर. माझ्या एका बाजूला सरोज, दुसऱ्या बाजूला एक बाई, माझ्याच वयाची, हाताची बोटं माझ्याहून जास्त वळलेली. भांडुपहून आली होती. बोलण्यावरून ओळखलं, आमच्याकडचीच, मालवणची. तिला तोच रोग होता. तिने लपवलं नाही. औषध चालू आहे म्हणाली, डाग गेले, आता कोणाला लागण्यासारखं नाही, बोटं तेवढी राहिली. माझी पट्टी बघून हसली.

"चुलीर ना? माझो हात असोच भाजललो. आता हाताक इचारू नको गो. डोळ्यांक इचार."

म्हणजे गरम आहे का, धार आहे का, काटा आहे का, हे हाताला नाही कळणार. बघून घ्यायचं. संध्याकाळी दिव्याखाली दोन्ही हात उलटसुलट तपासायचे. फडक्याशिवाय भांड्याला हात नाही. तिने मला हे असं सांगितलं जसं एक बाई दुसरीला लोणचं सांगते. सरोज माझ्याआडून वाकून ऐकत होती. शेवटी सरोजनेच तिला आपल्या डब्यातली पोळी दिली, दोघींनी खाल्ली.

आत डॉक्टरीणबाई. तरुण आहे, पण घाई नाही. कापूस फिरवला, टाचणी टोचली, पाठ बघितली, कोपरामागे बोट घालून चाचपलं. तिथे दाबलं तसा करंगळीपर्यंत झटका गेला. मग म्हणाली, दोन्ही हात पुढे सरळ करा. उजवा हात कोपरापासून बाहेर जातो, जन्मभर जातोय, मी त्याच्याकडे कधी बघतही नाही.

"लहानपणी मोडला होता?"

आठ वर्षांची होते. रतांब्याच्या झाडावरून पडले. गावच्या वैदूने कांबट्या लावून बांधला.

"वाकडा बांधला."

"जोडला तर खरा," मी म्हटलं. ती हसली.

तिने समजावलं ते असं. करंगळीची नस कोपराच्या मागून, हाडाच्या खाचेतून जाते. हाड वाकडं वाढलं, त्यामुळे नस इतकी वर्षं ताणली जातेय, घासली जातेय. म्हटलं, विहिरीच्या कठड्यावर दोर घासतो तसा? "अगदी तसा. आणि तुमचा दोर आता झिजलाय."

तरी खात्रीसाठी कानाच्या पाळीतून जरासं काढून घेतलं तपासायला. म्हणाली, "कुष्ठरोग असेल असं मला वाटत नाही. आणि असता तरी औषध आहे. घाबरायचं काय त्यात?"

बाहेर आल्यावर सरोज रस्त्यातच रडायला लागली. मी नाही. मला भूक लागली होती, आणि डब्यातल्या पोळ्या ह्या दोघींनी संपवल्या होत्या.

१७ सप्टेंबर

रिपोर्ट आला. काही नाही. हे इतके खूश की कागद घेऊन निघाले, खाली बिल्डिंगच्या फळ्यावर लावतो म्हणाले. मी दारात आडवी उभी राहिले.

"कुंदा, लोकांना कळू दे ना."

"मी काय सर्टिफिकेट गळ्यात घालून फिरू? आणि त्या भांडुपच्या बाईने कुठला कागद लावायचा?"

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. माझ्यासाठीच करत होते, कळतं. पण नाही म्हणजे नाही.

१८ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

घरचे मोदक झाले. उकड सरोजने मळली, कळ्या मेधाने काढल्या. पोरीचे मोदक बसके, पण लाज राखली. मी नुसती सूचना करत होते, शेवटी दोघींनी मला स्वयंपाकघराबाहेर काढलं.

खाली बिल्डिंगच्या गणपतीला नैवेद्याचे एकवीस मोदक दरवर्षी माझे असतात. लग्न होऊन आले त्या वर्षापासून. आज कोणी न्यायला आलं नाही. दुपारची आरती वरूनच ऐकली. पेढ्यांचा नैवेद्य दाखवला म्हणे.

वाईट वाटलं. फार वाईट. ऑर्डरींचं नाही एवढं. ते ताट जायला हवं होतं.

ह्यांनी आज इतके मोदक खाल्ले की संध्याकाळी ओवा मागितला.

२९ सप्टेंबर

ह्यांनी शेवटी सांगितलंच. फळ्यावर नाही लावला, पण वागळ्यांना आणि सेक्रेटरींना तो कागद दाखवला. मला आज वागळे वहिनींकडून कळलं. "रिपोर्ट चांगला आला म्हणे, बरं झालं बाई." असं म्हणाल्या आणि दारातूनच म्हणाल्या. आत या म्हटलं, तर गॅसवर दूध होतं त्यांचं.

घरी भांडण. हे म्हणाले, मला तुझ्याबद्दल कोणी वाईट बोललेलं खपत नाही. पण झालं काय? कागदाने लोकांची तोंडं बंद झाली, कपाला कोणी हात लावला नाही.

१४ ऑक्टोबर

डॉ. बाईंनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन करून नस कोपरामागून काढून पुढे आणायची, म्हणजे ताण जाईल. बोटं पहिल्यासारखी होतील का? हमी नाही. वय आहे, खूप वर्षं गेली आहेत. वर्षभर तरी वाट बघावी लागेल. न केलं तर? आहे ते जात राहील, चिमूट पूर्ण जाईल.

हे म्हणतात, थांबूया, आहे तेवढं तरी राहील. भाऊ आला होता, तो म्हणतो गावाला चल, वैदूचा मुलगा आता छान तेल देतो. म्हटलं, त्या घराचा गुण एकदा घेतलाय.

मी ठरवलं आहे. करायचं. बसून हात जाताना बघत राहायचं हे माझ्याच्याने होणार नाही. फराळ मेधा आणि सरोज करतील, दिवाळीनंतर ऑपरेशन.

१९ नोव्हेंबर

उद्या. बॅग भरली. हॉस्पिटलात कुंकू, बांगड्या काढायला लावतील म्हणून आत्तापासून सासूबाईंच्या बहिणीचे फोन, शेजारच्यांकडे. काढीन की. हात उघडणार आहेत, बांगडीचं काय घेऊन बसलात.

भीती वाटते का? वाटते. लिहून ठेवते, मेधासमोर दाखवायची नाही.

२५ नोव्हें.

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर कोंबडीचं. उजवा प्लॅस्टरमध्ये, बगलेपासून. ऑप. नीट झालं. डॉ. म्हणाली नस फितीसारखी चपटी झाली होती. दुखतंय. दुखतंय हे चांगलं.

८ डिसें.

डाव्याने: दात, वेणी (नाही जमत), भाजी चिरणं (वाईट), आमटी ढवळणं (छान). हे माझी वेणी घालतात. तीन पेडी शिकायला चार दिवस. बाहेर कोणाला सांगू नको म्हणाले.

१२ जानेवारी १९८६

प्लॅस्टर जाऊन बरेच दिवस झाले. हात काडीसारखा. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणते, ओली कणीक दाबा, बोटं फाकवा, बोटांच्या मध्ये कागद धरा आणि तो मी ओढते. कागद सुळकन निघतो. रोज निघतो.

पण एक चांगलं. डॉ. नसेवर वरून खाली बोटाने टकटक करत आली. जिथे मुंगी उठते तिथे नस पोचली म्हणायची. कोपराच्या जरा खाली उठली. मेधाने तिथे बॉलपेनने खूण केली. आता रविवारी रविवारी मेधा टकटक करते आणि मी ओरडते, इथे. हे पेपराआडून विचारतात, कुठपर्यंत आली गाडी?

नस फार हळू चालते म्हणे. चालू दे. मला कुठे जायचंय.

१३ फेब्रुवारी, माघी गणपती

आज मी कळ्या काढल्या.

उजव्याने नाही. उजव्याची चिमूट अजून नाही. पण डोक्यात आलं, उलटं करून बघू. पारी उजव्या तळव्यावर घेतली, चिमूट डाव्याने. आणि गंमत बघा, ती मेली वाकडी बोटं पारीखाली वाटीसारखी बसतात. पारी हलत नाही. इतके दिवस मी त्यांना शिव्या देत होते.

पहिला फुटला. दुसरा फुटला. तिसरा उभा राहिला. पुढचे बरे आले.

सरोजने मोदक उचलून फिरवून बघितला. "अगं, ह्याच्या कळ्या उलट्या दिशेला वळल्यात."

खरंच. डाव्या हाताने पिळल्यामुळे सगळ्या कळ्या उलट्या झुकतात. इतरांच्या मोदकांत ठेवला तर लगेच वेगळा दिसेल.

"लोक म्हणतील कुंदाच्या हातचे."

म्हणू देत.

२० एप्रिल

मेधाची बॉलपेनची खूण मनगटाकडे सरकलीय. जुन्या खुणा पुसू देत नाही ती, आंघोळ झाली की गिरवते. हात टपालाच्या पाकिटासारखा दिसतो.

कागद आज लगेच निघाला नाही. त्या मुलीला जरा ओढावा लागला. ती म्हणाली शाब्बास. मला शाळेत कोणी शाब्बास म्हटल्याचं आठवत नाही.

करंगळी अजून वाकडीच. डॉ. म्हणाली, ती तशी राहील कदाचित. राहू दे, पारी धरायला हवीच आहे.

२३ ऑगस्ट

तालीम. ह्या वेळी उकड मी मळली. पण भांडुपच्या बाईचं ऐकून. वाफ बघायची, आधी डावा हात लावायचा, उजवा मागून. मळता मळता बोलत होते सरोजशी, लक्ष नव्हतं, आणि उजवा हात परातीतून एकदम वर आला.

मी नाही उचलला. तो स्वतःच उठला.

चटका बसला होता. तळहाताच्या कडेला, गेल्या वर्षी फोड आला होता त्याच जागी. पुन्हा मुद्दाम टेकवला. हो, ऊन. करंगळीला काही नाही, पण कडेला ऊन लागतं. सरोजला म्हटलं, भाजलं गं. ती पाणी आणायला धावली आणि मग माझं तोंड बघून तिला कळलं. मग दोघी तिथेच जमिनीवर बसलो, उकड गार होईपर्यंत. ती उकड फुकट गेली, तिच्यात मिरची-मीठ घालून निवगऱ्या वाफवल्या.

मनाचा खेळ असेल का? हे विचारत होते. डॉ.ला दाखवीन पुढच्या आठवड्यात. मला तरी वाटत नाही.

६ सप्टेंबर, हरतालिका

ह्या वर्षीही कोणी ऑर्डर दिली नाही. वाट बघत नव्हते असं नाही.

संध्याकाळी सेक्रेटरींना जिन्यात गाठलं. म्हटलं, उद्या नैवेद्याचे एकवीस मोदक मी पाठवणार आहे, नेहमीसारखे. ते चष्मा पुसत बसले. "हो हो, कुंदाताई, देवाला काय..." नाही म्हणाले नाहीत एवढं खरं.

सरोज म्हणाली, "मी घेऊन जाते ताट. विचारलं तर सांगते मी केलेत. सगळे खातील, उगाच तमाशा नको."

ती माझ्या भल्याचंच बोलत होती. पण म्हटलं, सरोज, तुझ्या कळ्या सरळ, माझ्या उलट्या. तूच कौतुकाने सांगितलंस, अख्ख्या बिल्डिंगला माहीत झालंय आता. आणि मला तुझ्या नावावर देवापुढे जायचं नाही. ज्याला खायचं त्याने माझे म्हणून खावेत.

"आणि नाही खाल्ले तर?"

नाही खाल्ले तर वर आणू. ह्यांना ओवा आहेच घरात.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

पहाटेपासून ओट्याशी. उकड छान जमली. मी मळली, मी पारी केली, मी कळ्या काढल्या. मेधाने फक्त हळदीची पानं धुतली. एकवीस मोदक, सगळे उलट्या कळ्यांचे, सगळे एकसारखे. गेल्या कित्येक वर्षांत इतके देखणे झाले नव्हते, हे मी म्हणते म्हणजे आहेतच.

ताट मी स्वतः खाली नेलं. मांडवात वागळे वहिनी आरतीची तयारी करत होत्या. त्यांनी आधी मोदक बघितले, मग माझा हात. मी हात पदराखाली घेतला नाही. ताट देवापुढे ठेवलं, नमस्कार केला, वर आले. घरच्या पूजेचं राहिलं होतं.

आत्ता हे लिहितेय. उजव्या हाताने, अक्षर वाकडं आहे पण उजव्याचं आहे. खाली आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली. आता प्रसाद वाटतायत. आवाज येतात, कोणाचे काय ते कळत नाही. मुलं धावतायत. ताट अजून वर आलेलं नाही.

सरोज दोनदा गॅलरीतून डोकावून आली, दिसत नाही म्हणाली, मांडवाची कनात आड येते. हे उगाचच रेडिओची बटणं फिरवतायत. मेधा म्हणाली, आई, मी आणते ताट.

म्हटलं, नको, तू बस. ताट माझं आहे. मीच जाते.